वळणारी जीभ

दोल्ना क्रुशा,
२५ मार्च १९७९

प्रिय ल्यूबेन,

पत्र हाती पडेल तेव्हा तुझी बोट रूसेच्या बंदरातच असो आणि तू जेवलेला असावास. इकडे सगळं ठीक. शेळीला दोन पिल्लं झाली. तळघरातली वाइन यंदा जरा आंबट आहे, पण पाहुण्यांना कळत नाही. येलित्सा कामावर जाते, येते. बिसेरा बरी आहे.

तू नव्हतास म्हणून द्राक्षवेली छाटायला त्या दोघा जुळ्यांना, गेंचो आणि नायदेनला, बोलावलं. सत्तरी ओलांडली दोघांनी, तरी अजून कोण कोणता ते त्यांच्या टोप्यांवरूनच ओळखायचं. जन्मले तेव्हा त्यांच्या आईने एकाच्या पायाला दोरा बांधून ठेवला होता म्हणे, नाहीतर एकालाच दोनदा दूध मिळालं असतं.

मी वर बिसेरा बरी आहे असं लिहिलं, ते खरं नाही. तू गेलास त्या दिवसापासून ती तोंडावर हात ठेवून बोलते. जेवतानाही. शाळेत बाईंनी सांगितलं होतं ना, जीभ वळणं आईबापाकडूनच येतं, दोघांची वळत नसेल तर लेकराची वळायचीच नाही. पोर बिचारी हसत घरी आली, ताटावर बसून जिभेची पन्हळ करून दाखवली आणि म्हणाली, "आता तुम्ही करा." तुझी वळली नाही. येलित्साची वळली नाही. तू चमचा खाली ठेवलास आणि बायकोकडे जे बघितलंस, ते मीही बघितलं. सकाळी तू बोटीवर निघून गेलास. आठ वर्षांच्या पोरीला काय कळतं असं तुला वाटलं असेल. तिला एवढंच कळलं, की आपल्या जिभेमुळे बाप गेला.

तर गेल्या रविवारी सगळे अंगणात जेवायला बसलो होतो. घेवड्याच्या दाण्यांची उसळ, खारवलेला कोबी. नायदेनने पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "काय गं, दात पडलेत की काय? हात काढ की."

ती हळूच म्हणाली, "माझी जीभ वळते."

"एवढंच ना? माझीपण वळते." त्याने भली मोठी जीभ काढली आणि सुरेख वळवली.

गेंचो म्हणाला, "त्यात काय मोठंसं," आणि त्यानेही काढली. ल्यूबेन, ती भाकरीसारखी सपाट पडून राहिली. त्याने जोर लावला, चेहरा लालबुंद झाला, बोटांनी कडा दाबून पाहिल्या. काही नाही. नायदेन हसून हसून बाकावरून पडायला आला. आम्ही मात्र कोणी हसलो नाही. तेच नाक, तेच कान, हाताला तोच बाक, आणि जिभा दोन तऱ्हेच्या. देवाने आत काय काय दडवून ठेवलंय, मला सत्तर वर्षं पत्ता नव्हता.

बिसेराने तोंडावरचा हात काढला. आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघत राहिली. मग विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच एकाच आईचे?"

"एकाच आईचे, एकाच बापाचे, एकाच सकाळचे," गेंचो म्हणाला.

येलित्सा उठून शेळीच्या गोठ्यामागे गेली आणि तिथे रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तिच्यामागे गेले नाही. तिने तुला काही सिद्ध करून दाखवावं असं मला वाटत नाही, आणि हे पत्रही त्यासाठी नाही.

आणखी एक सांगते, हसू नकोस. दुसऱ्या दिवसापासून बिसेरा मला शिकवायला लागली. आरशासमोर बसवून म्हणायची, "आज्जी, कडा वर घे, मधलं खाली दाब." मला रोज हसू यायचं आणि सगळं बिघडायचं. काल सकाळी वळली. माझी, या वयात. मी आरशात बघतच राहिले. तुझ्या बापाची वळायची का ते सांगता येत नाही, लग्नानंतर त्याने कधी मला जीभ दाखवली नाही. पण आता सांग, ही कला मला कोणाकडून आली? नातीकडून?

मंगळवारी करकोचे आले. करकोचा दिसला की मार्चचा दोरा सोडायचा, म्हणून सगळ्या पोरांनी मनगटावरचे लाल-पांढरे दोरे सोडून आलुबुखाराच्या फुललेल्या झाडांना बांधले. बिसेराने नाही बांधला. मी कात्री घेतली तर हात मागे लपवला. "बाबा सोडतो," एवढंच म्हणाली. मार्चच्या पहिल्या दिवशी मीच बांधला होता, आता तो मळून काळा पडलाय.

ती इथे माझ्या कोपराशी उभी आहे. काय लिहू विचारलं, तर म्हणते, बाबाला लिही, तुझी वळली नाही तरी चालेल.

दाराला कडी न घालता बसलेली,
तुझी आई त्सोन्का