झोळीतला सुटलेला सूर

१२ जाने., सोमवार. धुळे.
शुगर १६८. डॉक्टरने रोज लिहायला सांगितलं म्हणून वही केली. नुसते आकडे लिहून कंटाळा येतो. पान मोकळं राहतं, ते भरते.
शिरपूरहून नातवाकडे येऊन आठ दिवस झाले. योगेशच्या बायकोची, सायलीची सुट्टी संपली. ती घरूनच काम करते, पण दार लावून. तिची आई पुण्याला परत गेली. मग आजी आठवली.
बाळ सात महिन्यांचं. नाव विहान. माझ्या तोंडात बसत नाही, मी बाळ्या म्हणते.
पाळणा बॅटरीचा. बटण दाबलं की आपोआप हलतो, आवाज अजिबात नाही. उशाला मोबाईल, त्यात पाणी पडल्याचा आवाज. बाळ्या टकमक बघतो आणि मुततो. झोपत नाही.
आज सायली आत कामात होती. मी त्याला मांडीवर घेतला आणि आईचं गाणं म्हटलं. 'चिमणी गई कापूसमा, बाळ मना झोळीमा.' चौथ्या वेळी झोपला. मला वाटलं नातसून खूश होईल.
बाहेर येऊन म्हणते, "आजी, 'झोळी' नंतर तुमचा एक सूर सुटतो."
सुटतो म्हणजे काय? सूर म्हणजे काय बकरी आहे, सुटायला?

१३ जाने.
शुगर १७२. रागाने वाढली असेल.
सायलीने पेटीच्या परीक्षा दिल्यात, पाच. पेटी काढून तिने दाखवलं. झो, ळी, मग एक सूर खाली, मग मा. मी 'झोळी' म्हणते, गप्प होते, आणि एकदम 'मा'वर उतरते. मधली पायरी नाही.
"त्यात काय बिघडलं?"
"आजी, या वयात कानावर पडतं तेच आयुष्यभर राहतं. निदान बरोबर तरी पडू दे. तुम्ही म्हणा, पण तेवढं नीट करून."
म्हणजे नीट होईपर्यंत म्हणू नका. गोड बोलून सांगितलं एवढंच. पुण्याकडचे लोक दार लावतात ते पण हळू लावतात.
दुपारी मोरीत पाणी सोडून म्हणून बघितलं. तो सूर घशातून निघतच नाही. बहात्तर वर्षं तिथं मोकळंच आहे.

१५ जाने.
तिचं म्हणणं खोटं मात्र नाही. कानावर पडलेलं राहतं.
आमचे हे पिंपळनेरकडचे. लहानपणी डोंगरातल्या लोकांची पावरी ऐकत वाढले. भोपळ्याचा तो लांब बाजा, रेड्यासारखा ओरडतो. मला कधी आवडला नाही. पण लग्नात बँडवाल्याने पावरीची चाल धरली की हे जेवणाचं ताट सोडून पळत. साठ वर्षांचा माणूस, हाताला वरण, आणि वरातीत नाचतोय. मी म्हणायची, लाज नाही. ते म्हणायचे, पाय विचारत नाहीत.
आणि मी? मला स्वच्छ गाणं कधी लागलंच नाही. हे रेडिओ नीट लावून शेतात गेले की मी सुई जराशी हलवून ठेवायची. थोडी खरखर पाहिजे. संध्याकाळी येऊन ओरडायचे, "कोणी हात लावला?" मी म्हणायची, उंदीर. पोराने पुढे टेप आणला, काचेसारखा आवाज. सगळे वाहवा करत होते. मला वाटलं मीठ नाही.
असं का, ते कधी विचारलं नाही कोणी. मी पण नाही.

१६ जाने.
शुगर लिहायची राहिली.
एकच डोक्यात. मी चुकते ते ठीक. पण मी शिकले आईकडून. मग आई बेसूर होती? गावात लग्नाला हळदीच्या गाण्याला तिला बोलवायचे. बेसूर बाईला कोण बोलवतं?
फोटो नाही तिचा. लुगडं नाही. हे एवढं गाणं. तेच जर वाकडं निघालं
यो. ला सांगितलं, मला सोमवारी अमळनेरच्या गाडीत बसवून दे. अक्काकडे जाते. "अचानक?" म्हणे. म्हटलं, बहीण आहे, अर्ज करून जाऊ का?

१९ जाने., सोमवार. अमळनेर.
एसटीत बसायला मिळालं.
अक्का ऐंशीची. ऐकायला कमी, बोलायला नाही. गेल्या गेल्या, "जाडी व्हयनी." चहा झाला. मग विचारलं, अक्का, माय बेसूर व्हती का?
"माय बेसूर? तू बेसूर, तुना नवरा बेसूर."
मी म्हणून दाखवलं. 'झोळी' म्हटलं, थांबले, 'मा' म्हटलं. अक्का ऐकताना हात हलवत होती, पुढे मागे. म्हटलं, इथे थांबायचं का? सून म्हणते सूर राहिला.
अक्का माझ्याकडे बघत राहिली, येड्याकडे बघतात तशी.
"तठे कडी बोले ना. कडी बोले तव्हय माय कसाले बोलई?"
झोळी आढ्याच्या लोखंडी कडीला बांधलेली. दोरी ओढली की कडी कर्र करायची. त्या आवाजात काही ऐकू येत नसे. म्हणून आई तेवढ्यापुरती गप्प. तेवढी जागा कडीला दिलेली.
"तुले काय कळई. तू झोळीमा व्हती. दोरी मी वढू. मना हात दुखेत."
मग तिने पण म्हटलं. दात नाहीत, नुसता वारा. 'झोळी' म्हणाली, थांबली, हात ओढला.
माहेरचं घर पाडून स्लॅब टाकला त्याला वीस वर्षं झाली. कडी भंगारात. मी विचारलं पण नाही, तीच म्हणाली.

२० जाने. धुळे.
शुगर १४०.
सायलीला काही सांगितलं नाही. तोंडाने सांगून पटायचं नाही, पेटी काढेल.
एसटी स्टँडवरून येताना हार्डवेअरच्या दुकानात थांबले. कडी दाखवा म्हटलं. चार दाखवल्या. एकेक हुकात अडकवून हलवून बघितली.
"आजी, मजबूत आहेत, शंभर किलो घेतील."
"वाजत नाहीत."
"लोक न वाजणारी मागतात."
"लोकांना विक. मला करकरणारी दे."
त्याने मागच्या डब्यातून एक गंजकी काढली. पहिल्याच झटक्याला बोलली. पैसे घ्यायला लाजत होता. मी दिले. फुकटची वस्तू नीट वाजत नाही.

२४ जाने., शनि.
मागच्या खोलीत पंख्याचा हूक रिकामा आहे. यो. ने शिडीवर चढून कडी बसवली, दोनदा लोंबकळून बघितलं. माझ्या जुन्या पातळाची झोळी. सायली म्हणाली, पडणार नाही ना? म्हटलं, तुझा नवरा लोंबकळला तरी पडली नाही.
बाळ्याला घातला. दोरी ओढली. चिमणी गई कापूसमा, बाळ मना झोळी
कर्र
मा.
एवढ्या वर्षांनी जागेवर जागा बसली. मग कळलं, रेडिओची सुई का हलवायची मी.
सायली दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. मला वाटलं आता काही मोठं बोलेल.
म्हणाली, "आजी, कडीचा सूर थोडा वर लागतोय."
म्हटलं, तिला परीक्षेला बसव.
हसली. पहिल्यांदा मोठ्याने हसली या घरात. बाळ्या जागा झाला.

२५ जाने., रवि.
दुपारी डोळा लागला. उठते तर झोळी गुपचूप. यो. ने कडीला शिलाई मशीनचं तेल घातलं. "आजी, किती करकरत होती, मी मस्त केली."
शिव्या तोंडात आल्या. दिल्या.
सायलीच शिडीवर चढली. फडक्याने तेल पुसलं आणि वर रांगोळी चोळली. मी सांगितलं नव्हतं. उतरल्यावर विचारलं, तुझ्या लहानपणी काय होतं गं? म्हणाली, तानपुरा. बाबा सकाळी लावायचे. अजून तो लागला नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.
म्हणजे तिला पण एक कडी आहे. महागातली.

२ फेब्रु., सोम.
उद्या शिरपूर. तिथे पण माणसं आहेत, त्यांना पण भाकरी लागते. पुण्याहून सायलीची आई येते.
सायली म्हणाली, तुमचं गाणं मी म्हणेन त्याला. पण मधला सूर घालून म्हणेन हं, मला मोकळं सोडवत नाही.
म्हण. मला घालवत नाही, तुला सोडवत नाही.
कडी काढू नका एवढंच सांगितलं.

८ मार्च, रवि. शिरपूर.
शुगर १५१.
सायलीचा फोन. सगळे बरे. मग म्हणते, "आजी, एक विचारू? हा मधेच घशातून काहीतरी आवाज काढतो. खरखरीत. डॉक्टरांना दाखवू का?"
"ताप?"
"नाही."
"खोकला?"
"नाही. मी गाताना. मांडीवर घेऊन म्हणते ना, 'झोळी' म्हटलं की लगेच. दुसऱ्या कुठल्या गाण्यात नाही काढत."
"आणि तू काय करतेस?"
"मी माझा सूर लावते. तो पण त्याचा काढतो. दोघांचं एकदम होतं, हसायला येतं."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती हॅलो हॅलो करायला लागली.
म्हटलं, दात येत असतील.
कडी बोलतेय म्हणून सांगितलं असतं तर पेटी काढून त्याला पण नीट करायला बसली असती. आणि खरंच दातच असले तर? नऊ महिन्यांचं पोर, त्याचं काय सांगावं.
'झोळी'पाशी आता दोघं आहेत, आणि जागा एकाचीच. आधी कोण गप्प होतो, बघायचं.