शंकेची कड

४ फेब्रुवारी

चंदीगडला पोचले! सेक्टर ३९मध्ये पद्मिनीकाकूंची वरची खोली मिळाली. काका हवाई दलात, बाबांच्या ओळखीतले. खोलीत भरपूर ऊन येतं. त्यांच्या जाईला मराठी समजतं, पण बोलते हिंदीत. माझं काम ऐकून म्हणाली, दीदी, लोगों के दिमाग में लकीरें खींचोगी? पक्का? काकू म्हणाल्या, आधी जेवू दे तिला, मग खेचेल.

अण्णा आजोबांना फोन केला. बाबांच्या बदल्यांमुळे पाचवीपर्यंत माझी शाळा म्हणजे अण्णाच. त्यांनी पावकी, पावाचा पाढा, म्हणायला लावली. न अडखळता म्हटली.

६ फेब्रुवारी

काम समजलं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या एमआरआय चित्रांवर थॅलॅमसची कड हाताने आखायची. मेंदूच्या खोलातला हा सुपारीएवढा भाग आक्रसत गेला की विचारांचा वेग मंदावत जातो, असं इथल्या प्रमुख गिल मॅडमनी समजावलं. चित्रावर नाव नसतं, फक्त क्रमांक. हात स्थिर आहे का ते पाहायला जुनीच चित्रं नव्या क्रमांकाने परत येतात.

इथे नव्या माणसाने निरोगी नमुना म्हणून स्वतःचं डोकंही द्यायचं असतं. मी यंत्रात झोपून आले. मग बेरजेची चाचणी. दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येतो, तो आधीच्या आकड्यात मिळवून सांगायचा. एकही चुकला नाही. माझ्या चित्रात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीचं डावं शिंग उजव्याहून बरंच लांब आहे. मॅडम म्हणाल्या, बेटा, तू तर एकशिंगी निघालीस.

११ फेब्रुवारी

अभ्यासातल्या रुग्ण सुरेखाताई भेटल्या. यजमानांच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आल्यात, नव्या औषधासाठी दर पंधरवड्याला तपासणीला येतात. बेरजा भराभर सांगितल्या आणि वर मलाच म्हणाल्या, मेंदू झिजलाय म्हणतात गं, जीभ शाबूत आहे.

मॅडमना माझी रेष कंजूष वाटते. कड धूसर असते, तिथले शंकेचे ठिपके मी बाहेर ठेवते. अण्णांचा नियमच तसा होता. खात्री नसेल ते पाटीवरून पुसायचं. मॅडम म्हणाल्या, तुझ्या अण्णाजींना माझ्याकडे पाठव, त्यांनाच नीट शिकवते. मी ऐकलं नाही. खात्री नसलेलं मोजणं म्हणजे खोटंच.

१८ फेब्रुवारी

लांब डाव्या शिंगाचं चित्र आज पुन्हा आलं. म्हणजे माझंच. मागच्या वेळी जिथे माझी रेष होती, बरोबर तिथेच आता थॅलॅमस संपतो. मी सोडलेले ठिपके काळे झालेत. तिथे पाणी आहे. नवी कडही धूसर होती. सवयीने मी तीही बाहेर ठेवली.

मॅडमनी फाइल तपासली. सहा तारखेचीच, कुणी हात लावलेला नाही. पहिल्यापासून एवढंच असेल, म्हणाल्या.

अण्णांना फोन केला. निमकीत, अर्ध्याच्या पाढ्यात, मी अडखळले. ते म्हणाले, दमली असशील.

२५ फेब्रुवारी

सुरेखाताई आल्या होत्या. तिसऱ्याच आकड्याला थांबल्या. हसल्या, मग रडल्या. मॅडमनी त्यांचं चित्र उघडलं. मी मागे उभी होते. त्यांचा थॅलॅमस जिथे संपतो, तिथे माझी रेष आहे. खालच्या बाजूला जरा आत वळणारी. माझं वळण मी कुठेही ओळखेन.

आजार त्यांना होताच. पण हे मी कापलंय. माझ्या प्रामाणिकपणाने.

२७ फेब्रुवारी

मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, चार दिवस घरी जाऊन ये. नाही जाणार. रेषा फुगवशील तर सगळा अभ्यास वाया जाईल, म्हणाल्या. जाऊ दे वाया.

सुरेखाताईंचं चित्र उघडलं. रेष बाहेर घेतली, पार पाण्यात. आयुष्यातली पहिली खोटी रेष. बंद करून परत उघडलं — काळ्या जागी राखाडी भरलं होतं.

३ मार्च

सुरेखाताईंचा फोन आला. सगळा भाजीबाजाराचा हिशोब तोंडी करून दाखवला, वर मला विचारलं, काय गं, आज तुझीच जीभ का अडखळते?

माझं चित्र आता मी न आखताही आत सरकतंय. आधी माझंच सावरावं, असं मनात आलं. नाही. ज्यांना न विचारता कापलं, त्यांचं आधी. मग माझं. भीती वाटते. वाटू दे.

५ मार्च

जाईने हाक मारली — ओळखायला वेळ लागला. काकूंनी घास भरवला. गिल — मॅडमनी चित्रांच्या खोलीचं कुलूप बदललं. मी किल्ली मागितली, त्यांनी दिली नाही. खुर्ची घालून दारातच बसले. शेवटी त्याच म्हणाल्या, जा आत, लडकी. त्यांचेही डोळे —

अजून चित्रं उरलीत.

६ मार्च

अण्णा, तुमचा नियम मोडला. शंका असेल ते आत. सगळं आत.

७ मार्च

आता माझं. एक शिंग लांब — डावं की — तशी दोन चित्रं आहेत, दोन्ही सारखीच दिसतात. माझं कोणतं, आठवत नाही.

बरं. मग सगळ्यांच्याच रेषा बाहेर. एकही सोडणार नाही. त्यातच कुठेतरी मी —

हात चालतोय. म्हणत राहायचं. एक पाव पाव. बे पाव अर्धा. तीन पाव पाऊण. चार पाव —