चुन्याच्या भिंतीपुढे

आबा, मी कोण ते आठवतंय का, की तेही घरीच विसरून गेलात? तुमची धाकटी, शिरपूरला दिलेली. रावेरहून मला भेटायला निघताना आई भरिताच्या हिरव्या वांग्यांची पिशवी भरून द्यायची. तुम्ही ती ओट्यावर विसरायचे आणि मळ्यातल्या केळ्यांची फणी घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. वर मलाच विचारायचे, "वांगी मागितली होती का गं तू?" मला अक्षर येत नाही एवढं तरी ध्यानात असेल. मी बोलते, नात लिहिते. ती मध्येच हसते, तेव्हा काही चुकलं तर माझ्या माथी मारू नका.

आमच्याकडे एक कुत्रा आहे, डांबरासारखा काळा. आता इतका थकलाय की भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते, तीही अर्धी ठेवतो. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि "आता जपा" एवढंच म्हणाले. तेव्हाच मी ठरवलं, याचं तोंड तरी जाऊ द्यायचं नाही, फोटो काढून ठेवायचा. आखाजीचा सण जवळ आला म्हणून अंगणातल्या भिंतीला मी नुकताच चुना दिला होता. भर दुपारी त्याला तिच्यापुढे बसवलं, नातीचा फोन घेतला आणि फोटोत पाय कापले जायला नकोत म्हणून मागे सरकत सरकत पार फाटकाला टेकले. बघते तर भिंत झकास आलेली. कुत्र्याच्या जागी तव्याच्या बुडासारखं नुसतं काळं. डोळे नाहीत, नाक नाही.

"आजी, कुत्र्याचा काढलास की चुन्याचा?"

"मग तू काढ. शिकलीस ना एवढी?"

"अंहं. तूच काढायचा. मी सांगते तसं कर."

तिने त्याला ओसरीच्या सावलीत आणलं, दाराकडे तोंड करून बसवलं. म्हणाली, "मागे पांढरंफेक काही नको. फोन त्या पांढऱ्याला बिचकतो आणि सगळंच अंधारं करून टाकतो." मग म्हणे जवळ ये, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतकी खाली बस. या गुडघ्यांनी? शेवटी मी सतरंजीवर पालथीच पडले. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अक्का, पडी गयात का?" मी म्हटलं, "नही वं, फोटो काढी ऱ्हायनू!" नातीने मला त्याच्या डोळ्यावर बोट टेकवायला सांगितलं, तर फोनमध्ये एक इवलासा सूर्य उगवला. बोटाने तो वर सरकवला की उजेड वाढतो. जास्त सरकवला तेव्हा कुत्रा राखेच्या रंगाचा झाला, म्हणून जरा खाली आणला. आणि तो बघतोय त्या बाजूला मोकळी जागा सोड म्हणाली, त्याला बघायला काही नको का?

आणि आबा, तो दिसला. इतकी वर्षं पायात घोळलेला हा कुत्रा काळा नव्हताच हो. कानामागे तांबूस, पाठीवर धुतलेल्या जांभळासारखी निळी झाक, हनुवटीवर माझ्यासारखे पांढरे केस. डोळ्यात आमचं उघडं दार, एवढंसं, उजेडाने भरलेलं. मी तशीच पालथी पडून बघत राहिले आणि मला तुमचा फोटो आठवला.

तुमचा एकच तर आहे, माझ्या लग्नातला. फोटोवाला सगळ्यांना मांडवात उभं करत होता, पण तुम्ही ऐकता? "घराला नवा चुना दिलाय, तो दिसला पाहिजे." भर उन्हात, भिंतीपुढे, पांढरा फेटा बांधून तुम्ही उभे. फोटो इथे आला तेव्हा सासू त्यात आपल्या व्याह्याला शोधत म्हणाली, "फोटोमा नुसता फेटाच दिखस, याही कोठे शे?" सगळं घर हसलं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्हीही हसले. "काळ्या माणसाचा कसला आलाय फोटो," म्हणाले, आणि पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. मीही आजवर तेच धरून बसले होते, बाप काळा होता म्हणून फोटोत आला नाही.

तसं नव्हतं, आबा. भिंत पांढरी होती. तुम्हाला कोणी सावलीत बोलावलं असतं, तुमच्या चेहऱ्यापुरता उजेड बघितला असता, तर तुम्हीही आले असते, सगळ्या रंगांनिशी. मी नातीला म्हटलं, आबांच्या फोटोवरही चढव तो सूर्य. तिने तुमच्या फोटोचा फोनवर फोटो काढला आणि चढवून पाहिला. कागद तेवढा फिका झाला. ती म्हणाली, "आजी, तेव्हा जे उमटलंच नाही, ते मी आता कुठून आणू?"

नात विचारतेय, हे पाठवायचं कुठे. तिला म्हटलं, कुठेच नाही, कुत्र्याचा फोटो छापून आणलास ना, घडी घालून त्याच्यामागे ठेव. तुम्हाला विसरभोळे म्हणत आले खरी. पण तुमचा आवाज आहे माझ्याकडे, केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा आहे. तोंड मात्र आठवत नाही, आबा. आखाजीला पितरांच्या घागरीवर तुमचे मांडे आणि आमरस ठेवीनच. स्वप्नात आलात तर ओसरीत थांबा, दाराकडे तोंड करून. आणि तिकडून काही पाठवणार असाल तर भरिताची वांगी पाठवा, हिरवी. केळी नकोत.