वडिलांच्या नावापुढे

परभणी
१२ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप आबा यांना,
विजूचा नमस्कार.

कुणाचं पत्र म्हणून आधी खालची सही बघितली असेल, तर बरोबर वाचलंत. मीच आहे. मी खुशाल आहे, मायही बरी आहे. इकडे पालमच्या बाजूला पाऊस उघडलाय. सोयाबीन माना टाकायलंय, त्यामुळे मायला खुरपणीचं काम रोज मिळत नाही. तुम्ही गोदावरीच्या काठाला आहात, तिथं मेंढ्यांना थोडाफार चारा असेल असं वाटतं.

पत्ता कडूबाई आत्याने दिला. बाजाराच्या दिवशी तुम्ही सोनपेठला दगडाबाईच्या हॉटेलात चहाला थांबता, तिच्या नावानं टाक, ती देईल, असं म्हणाली. आधी मी फोन लावला होता. एका बाईंनी उचलला. आवाज चांगला होता. "कोण बोलायलंय?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी कोण ते मला पटकन सांगता येईना, म्हणून ठेवून दिला. त्यांना सांगा, वाईट हेतू नव्हता.

आबा, मी बारावी पास झाले. परभणीला कॉलेजात सायन्सला नंबर लागला आहे आणि मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. खोलीत पोखर्णीची मंजुषा आहे. तिचे वडील किशनराव दर रविवारी भेटायला येतात. येताना डबा आणतात.

इथं पहिल्याच आठवड्यात आम्हाला सभागृहात बसवून शिष्यवृत्तीचे नियम सांगितले. तुम्हाला कंटाळा येईल, पण सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल. माझ्यासारख्या मुलीनं वेळेत अर्ज भरला की कॉलेजला तिच्याकडून पूर्ण फी मागता येत नाही. भत्ता येतो तो थेट मुलीच्या खात्यात, मधल्या कुणाच्या हातात नाही. अर्ज परत पाठवला तर कशासाठी, ते लेखी विचारता येतं. हे झाले आपले हक्क. मग आपल्यावर काय काय आहे तेही सांगितलं. अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा. नापास व्हायचं नाही. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की शिष्यवृत्ती बंद. आणि दिलेली माहिती खरी पाहिजे. खोटी निघाली तर मिळालेलं सगळं परत घेतात आणि पुढचं थांबवतात. त्याच्या खाली मुलीची सही असते. दुसऱ्या कुणाची नाही.

माझा अर्ज या शेवटच्या गोष्टीवर अडकला आहे.

अर्जात एक प्रश्न आहे, "वडील हयात आहेत का?" होय किंवा नाही. माझ्या अकरावी-बारावीच्या कागदांवर तुमच्या नावापुढे "मयत" लिहिलेलं आहे. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर सिताराम सर बसतात, त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला. मी म्हणाले, दाखला नाही. का नाही? मी म्हणाले, ते मेले नाहीत. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, मेले असतील तर दाखला आण, जिते असतील तर सही आण. तिसरा रकाना न्हाई आमच्याकडं."

हे तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी पत्राच्या सुरुवातीला लिहिलं नाही. कुणी मुद्दाम केलेलं नाही. अकरावीच्या प्रवेशाला माय सोबत होती. टेबलावरच्या सरांनी विचारलं, मुलीचे वडील? माय म्हणाली, "गेले." सर म्हणाले, "अरेरे," आणि लिहून टाकलं. मी शेजारीच उभी होते. बाहेर आल्यावर मी मायला म्हणाले, त्यांनी काय लिहिलं बघितलंस का? तर म्हणते, "म्या गेले म्हणले. मेले म्हणले न्हाई. त्यांनी काय लिवलं ते त्यांचं त्यांला." आणि आम्ही एसटी पकडायला गेलो.

नंतर दुरुस्त करता आलं असतं. पण आबा, त्या दिवसापासून मास्तर लोक माझ्याशी जपून बोलायला लागले. त्याच्या आधी गावात मुली विचारायच्या, तुझे वडील कुठं असतात, परत कधी येणार, तिकडं दुसरं घर केलंय म्हणतात ते खरं का. आता कुणीच काही विचारेना. मेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारत नाही. मला ते बरं वाटलं, एवढंच सांगते. इथंही मंजुषाला तेच माहीत आहे. तिचे वडील दोन डबे आणतात, एक तिला, एक मला. पहिल्या रविवारी म्हणाले, "मला काका म्हण, लाजू नको."

आता काम सांगते. सोबत एक कागद आहे. मी विजयमालाचा बाप आहे, हयात आहे, तिच्या आईपासून वेगळा राहतो आणि मुलीचं शिक्षण आईच्या कमाईवर चालतं, एवढंच त्यात लिहिलं आहे. सिताराम सरांनीच मजकूर करून दिला. खाली सही करा आणि सोबतच्या पाकिटात घालून पोस्टात टाका. पाकिटावर पत्ता लिहिलेला आहे, तिकीट लावलं आहे. या कागदानं तुमच्यावर कसलाच बोजा येत नाही, मी नीट विचारून घेतलं. सप्टेंबर अखेरपर्यंत सही नाही आली तर माझा अर्ज या वर्षी पुढं जाणार नाही आणि मला वसतिगृह सोडून पालमला परत जावं लागेल. मग बहुतेक शिक्षण राहूनच जाईल.

मायला हे पत्र माहीत आहे. तिने काही निरोप दिलेला नाही.

आपली,
विजयमाला

ता. क. कागदासोबत वेगळं काही लिहिलं नाही तरी चालेल.


परभणी
८ ऑक्टोबर २०२३, रविवार

आबा,
नमस्कार.

आज रविवार आहे, वसतिगृहात भेटायला येणाऱ्यांची गर्दी आहे, म्हणून मी वर अभ्यासिकेत येऊन बसले आहे. इथं मी आणि पंखा. सप्टेंबर संपला तेव्हा कागद आलेला नव्हता. मी रोज सिताराम सरांच्या खिडकीवर जायचे. शेवटी ते म्हणाले, रोज येऊ नको, मीच अर्ज आठ दिवस धरून ठेवतो, आल्यावर बोलावतो. तेव्हा मी ट्रंक आवरायला घेतली होती. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. क्रमानं सांगायला लागले की ते मध्ये येतं.

मंजुषाचं आधी सांगते.

पितृपंधरवडा लागला. मागच्या रविवारी किशनरावकाका आले तेव्हा त्यांच्या घरचं पित्राचं जेवण होतं, खीर आणि वडे. आम्ही तिघं बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. माझ्यापुढं डबा ठेवून काका म्हणाले, "पोरी, तुझ्या वडलांची तिथी कोणती? तुमच्या घरी घालायला कुणी न्हाई. आमच्यासंगं त्यांचं बी एक पान वाढू, त्यात काय."

आबा, मला तिथी सांगता येईना. कुठलीतरी सांगितली असती, पण तिथ्या मला पाठ नाहीत. आणि समजा सांगितली असती, तर पोखर्णीला त्यांच्या घरी तुमच्या नावानं पान वाढलं गेलं असतं, कावळ्याला हाका मारल्या असत्या. तुम्ही तिकडं सोनपेठला चहा पीत असताना.

मी म्हणाले, "काका, ते आहेत."

काका म्हणाले, "असतातच की. वरून बघत असतात."

मी म्हणाले, "वरून नाही. सोनपेठला आहेत."

काकांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि "बरं झालं की मग" असं म्हणाले. ते चांगले आहेत म्हणून म्हणाले. पण त्यानंतर ते नेहमीपेक्षा लवकरच एसटीला गेले. डबा मी तसाच परत दिला. मंजुषा संध्याकाळी म्हणाली, "माझ्या बापाला काका काका करून दोन महिने जेवलीस. आमी तुझ्यासाठी रडलो, ते काय उगंच?" मी म्हणाले, रडलात ते उगंच नव्हतं. तिला पटलं नाही. आता ती खोलीत असते, पण माझ्याशी बोलायचं काम पडलं तर पलीकडच्या खोलीतल्या मुलीला मध्ये घालते. "तिला सांग, खिडकी लाव." मी लावते.

आज काका आले असतील. मी खाली गेले नाही.

शुक्रवारी सिताराम सरांनी शिपायाकडून बोलावणं पाठवलं. मला वाटलं, अर्ज परत द्यायला बोलावलंय. खिडकीवर बऱ्याच मुली होत्या. सर तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "काल तुझे वडील येऊन गेले."

माझ्यापुढच्या दोघी बाजूला सरकल्या. त्या कॉलेजात "तुझे वडील" हे शब्द मला उद्देशून पहिल्यांदाच कुणी बोललं.

मग सरांनी सगळं सांगितलं. मी दोनदा विचारलं म्हणून दोनदा सांगितलं. तुम्ही सगळ्या मुलींचं होईपर्यंत भिंतीला लागून उभे राहिलात. मग पुढं येऊन म्हणालात, "ते मयत लिवलंय, ते कोण खोडतंय?" सर म्हणाले, कागद पोस्टानं टाकला असता तरी चाललं असतं, एवढं लांब कशाला आलात. तर तुम्ही म्हणालात, "कागदावरनं कसं कळंल तुमाला, मी जिता हाय म्हणून?" सर हसून सांगत होते, पण मला वाटतं त्यांना तुम्ही आवडलात. सही केलीत. मग कुठल्या ओळीवर मयत लिहिलंय ते दाखवा म्हणालात आणि सरांनी ती ओळ खोडून बाजूला "हयात" लिहीपर्यंत खिडकी सोडली नाहीत.

सरांनी विचारलं, पोरीला बोलवू का, वरच्या मजल्यावर तास चालू आहे, शिपाई आत्ता घेऊन येईल. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. हजरी बुडंल तिची."

ते ऐकून मला आधी कळलंच नाही. सर म्हणाले, तुझ्या वडलांना सगळे नियम माहीत आहेत की. मी म्हणाले, हो.

तो तास रसायनशास्त्राचा होता. त्या वर्गाच्या खिडक्या मागच्या बाजूला उघडतात, तिथून फक्त सायकलींचं शेड दिसतं. सर म्हणाले, तुम्ही समोरच्या लिंबाखाली बराच वेळ उभे होतात, घंटा झाल्यावर पोरं बाहेर यायला लागली तसे निघालात. घंटा झाल्यावर का निघालात, आबा? तेव्हाच तर मी उतरणार होते. पायऱ्या उतरून मी त्याच लिंबाखालून गेले. पुढच्या तासाचा विचार करत गेले.

मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वाळलेत का?" मी बघितलंच नव्हतं. मी म्हणाले, नाही, चांगले दिसत होते. तिनं दुसरं काही विचारलं नाही. शेळीनं कुणाची तरी तूर खाल्ली ते सांगत बसली.

अर्ज पुढं गेला. ट्रंकेतले कपडे मी परत खुंटीवर लावले. आता मला पुढच्या वर्षी पुन्हा भरावा लागेल, पण वडलांच्या रकान्याशी अडणार नाही. तुमची सही मी बघितली. मल्हारीतला "ल्हा" तुम्ही अजून तसाच काढता, पुढचं अक्षर त्याच्या पोटात शिरतं.

तिकडच्या घरी सगळे कसे आहेत? हे मी आधीच्या पत्रात विचारलं नव्हतं. आता विचारते.

आणि एक गोष्ट. मागच्या पत्रात मी नियम सांगितला, पण अर्धाच सांगितला असं आता वाटतं. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, आबा. शंभर लागत नाही. उरलेले तास कुणासाठी बुडवायचे, हे कॉलेज विचारत नाही. ते मीच ठरवायचं असतं. आजवर मी एकही तास बुडवलेला नाही, कारण कुणी येणारच नव्हतं.

पुन्हा आलात तर शिपायाला सांगा. तास चालू असला तरी बोलवा.

तुमची,
विजू