लुआबाई मला "या, बसा" म्हणाल्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे हुआनचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागल्या थंडीत आल्याचा लेप लावत होतीस तो चालू ठेव, डॉक्टर हसला तर हसू दे. भावोजींचा खोकला, तुझी बदकं आणि तळ्याकाठचं ते पेरूचं झाड (ज्याचे पेरू शेजारीण काढते असा तुझा जुना संशय आहे) या सगळ्यांची खुशाली कळव. इकडे आई-बाबांच्या तसबिरीपुढे रोज उदबत्ती लावतो, हनोईत झिमझिम आणि गारठा आहे, पोरगी येन वेळेवर ऑफिसला जाते आणि मी जिवंत आहे. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण ताई, परवा सकाळपासून माझे हातपाय गार पडलेत आणि त्याचा थंडीशी काही संबंध नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसतं "काय?" म्हणालीस तरी ते गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतं. ही बातमी गल्लीला माझ्याआधीच कळलेली आहे, तिला आणखी खुराक नको.

झालं असं की लुआबाई मला "या, बसा" म्हणाल्या.

तू म्हणशील, यात काय एवढं? ताई, तू मागे आली होतीस तेव्हा मीच तुला तिच्या पदपथावरच्या खाणावळीत नेलं होतं. खेकड्याचा रस्सा, टोमॅटो, तळलेलं टोफू आणि तांदळाच्या शेवया. तू नुसतं "जरा लिंबू" म्हणालीस, तर ती म्हणाली, "आजीबाई, लिंबू नाकासमोर आहे. डोळे गावी गहाण ठेवून आलात का?" आणि तू परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत हसत होतीस. आईबापांनी पोरीचं नाव ठेवलं लुआ, म्हणजे रेशीम, आणि पोर निघाली काथ्याच्या दोरासारखी. पण अख्ख्या शहरातून लोक तिच्याकडे येतात ते निम्मे रश्शासाठी आणि निम्मे त्या जिभेसाठी. त्यातही मानपान आहे. नवख्याला नुसतं "सरक" मिळतं. थोडा रुळलेला असेल तर "खायचं तर खा, नाहीतर वाट धर." त्याच्या वर चढायला वर्षं जावी लागतात. मी कुठवर चढलो होतो ते सांगतो. (बढाई मारत नाही, गल्लीत कोणालाही विचार.) गेल्या आठवड्यात मी सर्दीमुळे एक दिवस गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बारा माणसांदेखत ती ओरडली, "आलास? मला वाटलं गचकलास! एक वाटी वाचली म्हणून खूश होते मी!" ताई, पाणीपुरवठा खात्यात मी एवढी वर्षं घासली, पण निरोपसमारंभातसुद्धा माझ्याबद्दल कोणी इतकं आपुलकीनं बोललं नव्हतं.

तर परवा मी नेहमीसारखा गेलो. माझं स्टूल भिंतीकडचं, तिच्या पातेल्याच्या बरोबर समोर. (तिथं वाफ चेहऱ्यावर येते, थंडीत बरं वाटतं, म्हणून. दुसरं काही कारण नाही.) मी मुद्दाम खोकलो, म्हणजे तिला सुरुवात करायला सोपं जावं. तर ही बाई मान वर करते, पदराला... म्हणजे ॲप्रनला हात पुसते आणि म्हणते, "या, बसा. आज गारठा आहे नाही? रस्सा चांगला गरम करून देते हं तुम्हाला."

सगळ्यांच्या जेवायच्या काड्या हवेतल्या हवेत थांबल्या. शेजारच्या इमारतीतली एक बाई घासाला तोंड उघडून बसली होती, तिनं तोंड मिटलं, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि निघून गेली, बहुधा काहीतरी साथ आली असं समजून. मी मागे वळून पाहिलं, की माझ्या मागं कोणी मंत्री उभा आहे का. मागं फक्त भिंत होती. मग त्या बाईनं स्वतः येऊन माझं स्टूल पुसलं. टोफूचे दोन तुकडे जास्त घातले. न मागता रश्शात बुडवायच्या तळलेल्या मैद्याच्या कांड्या ठेवल्या. त्या मागितल्या म्हणून तिनं एकदा एका फौजदाराला रांगेच्या शेवटी पाठवलं होतं! बाजूच्या स्टुलावरचा म्हातारा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "रिपोर्ट काय आला हो? किती दिवस म्हणाले?" आणि पैसे द्यायला गेलो तर हात मागे घेऊन म्हणाली, "छे छे, तुमच्याकडून कसे घेऊ?" ताई, मला रस्त्यात भोवळ यायची बाकी होती.

मी तसाच समोरच्या वुओंगच्या कॉफीच्या टपरीत शिरलो. वुओंग तुला आठवत असेल, माझा पाणीखात्यातला सोबती. अंड्याची कॉफी उत्तम करतो आणि दुसऱ्याच्या घरातलं सगळं त्याला आपल्या घरच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यानं पेल्यावर पत्र्याची गाळणी ठेवली आणि थेंब थेंब कॉफी उतरत असताना मी त्याला माझे अंदाज सांगितले. एक, माझ्या चेहऱ्यावर मरणकळा दिसत असणार. दोन, वॉर्डाच्या लोकांनी तिला पदपथावरून उठायची नोटीस दिली असणार आणि ती जाता जाता सगळ्यांची क्षमा मागत असणार. तीन, तिलाच काही झालेलं असणार. (हे तिसरं बोलताना मी तिच्या पातेल्याकडे वळून का पाहिलं कोण जाणे.) वुओंग सगळं ऐकून माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला की मला मीच वाटीतलं टोफू झाल्यासारखं वाटलं.

"हुआन," तो म्हणाला, "तुला घरात कोणी काही सांगत नाही का रे?"

"काय सांगायचं?"

"अरे, ती तुझी विहीण होणार! तिचा कियेम आणि तुझी येन. उन्हाळ्यापासून चाललंय. इथंच तर बसतात, तू बसलायस त्याच बाकड्यावर. एका पेल्यात दोन चमचे!"

कॉफी अंगावर सांडली. उरलेली बाकड्यावर सांडली. वुओंगनं दुसरी करून दिली, तीही प्यायलो नाही.

आता कियेमबद्दल ऐक. पोरगा वाईट नाही, हे मी त्याचा शत्रू असतो तरीसुद्धा म्हटलं असतं. एसी दुरुस्त करतो. बाप लहानपणीच गेला, आईच्या शिव्यांवर वाढला, त्यामुळे स्वतः एकदम गरीब गाय. येनच्या ऑफिसातला एसी बिघडला म्हणून गेला. एसी बिघडला एकदा आणि हा गेला चारदा. संध्याकाळी मी येनला समोर बसवलं आणि वडिलांना शोभेल अशा आवाजात विचारलं, की हे काय ऐकतोय. तिला वाटलं होतं मी खूश होईन! म्हणे, "बाबा, नव्या वर्षाचा तेतचा सण झाला की सांगणार होते. पण कियेमच्या आईच्या पोटात राहिलं नाही बहुतेक." मी म्हटलं, त्या घरात तू नांदणार? त्या बाईच्या जिभेखाली? तर पोरगी डोळे मोठे करून म्हणाली, "अहो बाबा, तुम्ही पावसात, तापात, छत्री उलटी होईपर्यंत वारं असतं तेव्हासुद्धा त्याच जिभेखाली जाऊन बसता की!" मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी. ती म्हणाली, "वेगळी कशी?" मी म्हटलं, हे लग्न होणार नाही, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. (दाराची कडी नीट लागत नाही, ती आतून हातानं धरून उभा राहिलो.)

मला अजून आशा होती. काल सकाळी मी ठरवून गेलो, की बाईला चिडवायचंच. ऐन गर्दीत दुसऱ्याच्या स्टुलावर बसलो. लिंबाची फोड मागितली, ती दिल्यावर दुसरी मागितली. शेवया थोड्या जास्त शिजल्यात म्हणालो. शेवटी, ताई, देव मला क्षमा करो, सगळ्यांदेखत म्हणालो की आज रश्शाला चव नाही. रांगेतली दोन माणसं घाबरून मागे सरकली. लुआबाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, गळ्यापर्यंत आलेलं मला दिसलं... आणि तिनं ते गिळलं! दाढ दुखत असल्यासारखं हसली आणि म्हणाली, "असेल हं, उद्या लक्ष ठेवते." आणि लगेच वळून माझ्या मागच्या माणसावर तुटून पडली, "तू काय दात दाखवतोयस रे, रेड्या? वाटी काय तुझ्या सासऱ्यानं धुवायची?" तो माणूस पहिल्यांदाच आलेला. काहीतरी बक्षीस लागल्यासारखा फुलला. मला इतका राग आला म्हणून सांगू! ती शिवी माझी होती.

तेव्हा ताई, माझा निर्णय झाला आहे. हे लग्न जमण्यासारखं नाही. ते लोक आठवडाभरात सुपारी-विडा घेऊन पहिल्या बोलणीला येणार म्हणतात. येनची आई, लियेन, गेल्यापासून आपल्या घरात मोठं बाईमाणूस तूच. तू ताबडतोब ये आणि सगळ्यांसमोर नाही म्हणून सांग. कारण विचारलं तर त्या बाईची वाणी आपल्या घराण्याला शोभणारी नाही असं सांग. तू आलीस की मला धीर येईल.

भावोजींना नमस्कार, बदकांना दाणे.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
हुआन

ता. क. ताई, वरचं सगळं खरं आहे, पण कारण खोटं आहे. तुला खोटं लिहून झोप लागली नाही. ऐक. लियेन गेल्यापासून मला कोणी रागावतच नाही गं. येन "हो बाबा" म्हणते, वुओंग कीव करतो, बँकेतली मुलगी "आजोबा, सावकाश" म्हणते. या अख्ख्या शहरात मला तोंडावर "मेला नाहीस का अजून" विचारणारी एकच बाई आहे आणि ते ऐकल्यावर मला मेलो नसल्याचं बरं वाटतं. ती विहीण झाली की जन्मभर मला पाट मांडून बसवणार आणि हसून चहा देणार. हे मी कसं सोसू? आणि दुसरी गोष्ट अशी, की मी सणानंतर तिला काही विचारणार होतो. काय ते तू ओळख, मला लिहवत नाही. नवं जाकीट शिवून आणलंय. म्हणून तुझ्याकडे खरं मागणं हे आहे: तू वडीलधारी आहेस, तर बोलणीत असं काही सुचवता येईल का, की घरात मोठ्यांचं आधी आणि मुलांचं नंतर? म्हणजे मग मुलं भावंडं ठरतील आणि त्यांचं होणारच नाही, हे मला कळतं. त्यावर काही तोड तुला सुचली तर बघ.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालून पोस्टाकडे निघालो होतो, वाटेत पाय तिच्याकडे वळले. म्हटलं, तुला त्रास कशाला, मीच सांगून टाकावं. मी उभ्यानंच म्हणालो, लुआबाई, हे लग्न मला मान्य नाही. तिनं डाव पातेल्यात टाकला, ॲप्रन सोडला आणि कमरेवर हात ठेवले. ताई, त्यानंतर गल्लीनं जे ऐकलं तसं आजवर ऐकलं नव्हतं. "अरे मेल्या! अरे भिजलेल्या पोत्या! माझ्या पोराच्या आड येतोस? त्याला तोंड उघडायला तीन महिने लागले म्हणून मी त्याला चपलेनं हाणणार होते! आणि तू? इतकी वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर बसून भुरके मारलेस, एकदा तरी शब्द फुटला का तुझ्या तोंडातून? मी काय आंधळी आहे? तुला काय मुहूर्त काढून हवा होता? आता पोरांनी आधी विचारलं! झालं! संपलं! आता तुझं माझं काय ते पुढल्या जन्मी. बस खाली आणि खा, गार होतंय!" रांगेतले सगळे उभे होते. कोणी हसलं नाही. मी बसलो आणि वाटी तळापर्यंत खाल्ली. तिनं पैसे घेतले, सुट्टे नाहीत म्हणून वर ओरडलीसुद्धा.

तेव्हा ताई, पाकीट फोडून हे लिहितोय. तू ये, पण हो म्हणायला ये. येनला मी सांगितलंय, ती गळ्यात पडून रडली आणि तिला वाटलं मी आनंदानं रडतोय, तिला तसंच वाटू दे. बोलणीच्या दिवशी मी नवं जाकीट घालीन, शिवलंच आहे तर. सगळं तू बोल, मला फक्त मान हलवायला सांग. आणि बसायची व्यवस्था तुझ्या हातात असेल, तर तेवढं एक कर. मला लुआबाईंच्या समोर बसवू नकोस.