वरून ओतलेलं पाणी

तू एका शब्दानं सांगितलं न्हाईस, हीच माझी पहिली तक्रार. पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती तुझी. परत डाग दिसला तर काय केलंस, माय? घोंगडी घेऊन गोठ्याजवळच्या पडवीत जाऊन बसलीस, विटाळ आला म्हणून. चार दिवसांचे दहा झाले, दहाचा महिना. चुलीपुढं कोणी पाहिजे म्हणून मला माहेरी बोलावलंस. मी तुझ्या तांब्यात वरून पाणी ओतायची, हात लागू न देता. "काहून थांबत न्हाई गं?" विचारलं तर म्हणालीस, "तू भाकरीकडं बघ, करपून राहिली." करपली नव्हती. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवीचा कॅन्सर, लई उशीर केला.

आता माझी नात, म्हणजे तुझी पणती, त्याच रोगावर शिकून राहिली. काल सुट्टीला आली. शेंगा सोलता सोलता सांगते, "आज्जी, आपल्या पेशीत एक आरएनए असतो, त्याच्यापासून प्रथिन बनत न्हाई. आधी त्याला कचरा समजायचे. पण तो दुसऱ्या जनुकांना गप बसवतो, न्हाई तर कामाला लावतो. पिशवीच्या गाठीत त्याचा तोल गेलेला दिसतो."

"म्हंजे सासू," मी म्हणलं. "सोता भाकर थापायची न्हाई, पण चुलीपुढं कोण बसंल ते ठरवायचं."

हसता हसता तिच्या मांडीवरल्या शेंगा सांडल्या. मंग त्या वेचत म्हणाली, "रक्तात त्याचा माग लागला तर बाईला लवकर कळंल. अजून शोधूनच राहिले. पण पाळी गेल्यावर डाग दिसला तर वाट बघायची न्हाई, लगेच तपासायचं. तो विटाळ नसतो."

"भाकर खाऊन घे," मी म्हणलं.

तुला शिवले असते तर तू वाचली असतीस, असं मी म्हणत न्हाई. पण शेवटच्या महिन्यात तुझं अंग तापलेलं होतं का गार, हे मला, तुझ्या लेकीला, म्हाईत न्हाई.

आता एक सांगते नि थांबते. आठ दिवस झाले, मलाबी डाग दिसून राहिला. कुणाला बोलले न्हाई. हा कागद तुला पोचायचा न्हाई, म्हणून पोरीच्या बॅगेत ठेवते, तिच्या चष्म्याच्या डबीखाली. उत्तर तिनंच द्यायचं. तू देऊ नको. तू मला भाकरीकडं बघायला लावशील.