माझ्या जागी पोराचं नाव

१२ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे, म्हणजे जेवतो, फिरतो. पण जिवाला घोर लागलाय. तू हसशील, तरी लिहितो.

मागच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधून वाचलं, की देवाने आपली माणसं जगाच्या स्थापनेपूर्वीच निवडली. मी चौथी पास, पण एवढं कळलं, की स्वर्गातल्या जागा मोजलेल्या आहेत. तेव्हापासून पहाटे एकच स्वप्न पडतं. आमचं जुनं थिएटर, पण भिंती नाहीत, नुसतं दुधासारखं धुकं. रांगाच रांगा, खुर्च्यांच्या पाठीवर नावं. मी बॅटरी घेऊन हिंडतो. माझं नाव सापडतं, भुंग्याचं सापडत नाही. पडद्यामागे कुणीतरी हलकंच गातं, आणि जाग येते.

एकुलता एक पोरगा माझा, भुंग्या. सात वर्षांपूर्वी त्याने उपासनेला यायचं सोडलं, तेव्हा मी उंबऱ्यातूनच ओरडलो, की तू हरवलास, तुझं काही खरं नाही. तो आपले रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन गेला, तो गेलाच.

काल पाळकसाहेबांकडे गेलो. छत्तीस वर्षं मी थिएटरच्या दारावर काढली. खेळ हाउसफुल्ल असला की एखादा उठून आपली खुर्ची दुसऱ्याला देतो, हे मी पाहिलंय. म्हटलं, मंडळीच्या सभासदांच्या वहीतून माझं नाव खोडा, तिथे पोराचं लिहा. मी बाहेर उभा राहीन. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि मला दारापर्यंत सोडलं. खोडणार की नाही, काही कळलं नाही. आता मी काय करू?

तुझा,
धाकटा

१९ मार्च

चि. काळजीवाहू भावास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसावा लागला. अरे वेड्या, वहीत खाडाखोड करून स्वर्ग मिळाला असता तर तुझं नाव मी केव्हाच खोडलं असतं! देव काय हाउसफुल्लची पाटी लावून बसलाय?

लहानपणी तू मला पेन्सिलीचा तुकडासुद्धा दिला नाहीस. तोच तू आज स्वतःची जागा द्यायला निघालास. हे मन कुठून आणलंस? ते तुझं नव्हे, तुझ्यात कुणीतरी ठेवलंय. आणि दुसऱ्यासाठी बाहेर उभं राहायचं म्हणशील, तर ते एकाने एकदाच केलं, वेशीबाहेर, क्रुसावर, आणि पुरेसं केलं. त्यात तुझी भर नको.

निवड देवाच्या हातात आहे म्हणून तुझी झोप उडाली. मला त्यामुळेच झोप लागते. तुम्हा बापलेकांच्या हातात असती तर? दोघेही घराच्या किल्ल्या हरवणारे! पोराचं पुढे काय, मला ठाऊक नाही. पण तो हरवलाय, हे तुला कुणी कळवलं? त्याला लिही. प्रवचन नको, पत्र लिही.

तुझी,
गुडघ्यांसकट ताई

२ एप्रिल

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चार कागद फाडले, हा पाचवा. पहिल्या चारांत उपदेश होता.

तू हरवलास, हे मीच ठरवलं होतं. ते ठरवायचं काम मला कुणी दिलं नव्हतं. चुकलो रे.

मंडळीच्या वहीतलं माझं नाव खोडून तुझं लिहा, असं मी पाळकसाहेबांना सांगून आलो होतो. काल त्यांनी वही उघडून दाखवली. माझं नाव तसंच आहे, आणि त्याच्याखाली तुझंही. सात वर्षांत त्यांनी ते काढलंच नव्हतं. देवाची वही मात्र आपण पाहिलेली नाही, असंही म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं, नाहीतर मी तिथेही गेलो असतो.

दुपारी मी खिडकीशी बसतो. समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन येतो, हळूहळू सरकतो, माझ्या पायांवर चढतो. मी काही करत नाही, तरी येतो. बघता बघता डोळा लागतो.

उत्तर दिलंस तर आनंद होईल. नाही दिलंस तरी पुढच्या आठवड्यात लिहीन, त्याच्या पुढच्याही. शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची रीत आहे. तुझा नसला तरी चालेल. माझा आहे.

तुझा,
बाबा